हलक्या कानाची

एस्पान्योलाच्या उत्तरेला, जिथे नदीकाठचे कॉटनवुड संपतात
आणि नुसती लाल माती उरते,
तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये डेल्फिना आर्चुलेटा
उजाडल्यापासून बॉनेटखाली वाकलीय.
वय एकसष्ट. तीस वर्षं शाळेची बस चालवली.
गाडी जपानी, दोन सीटची, नव्वद सालची,
दोन लाख अठरा हजार मैल.
घटस्फोटात ऑर्लँडोनं घर घेतलं, घोडी घेतली.
कुत्रा हिच्याकडे यायचा होता, तो मधेच मेला.
हिनं गाडी मागितली.
वकील हसला होता.

महिनाभर झालं, चढावर दम टाकते
आणि सिग्नलला उभी केली की
वारं प्यालेल्या वासरासारखी उधळते.
उधळणारच. वारं खरोखरच पितेय.
इनटेकच्या गॅस्केटी वाळून कडक झाल्या,
फटीतून हवा शिरते, कुणी न मोजलेली.
हे एक दुखणं.
दुसरं खाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या घळीत:
नॉक सेन्सर.
इंजिनाचा कान म्हणा.
तो हलका झालाय.
ठोका नसतो तिथे ठोका ऐकतो, जाऊन कॉम्प्युटरला सांगतो,
आणि कॉम्प्युटर घाबरून
सगळ्या ताकदीचा हात आखडता घेतो.

हलक्या कानाचं माणूस घरात असलं की काय होतं
हे डेल्फिनाला कुणी सांगायला नको.

पाइपांना चिकटपट्ट्या लावल्या, वर नेलपॉलिशनं आकडे.
बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, निघाले त्याच क्रमानं.
एक बोल्ट अडून बसला; त्याला तेल पाजलं,
स्वतः कॉफी प्याली, पुन्हा गेली,
तेव्हा तो कण्हत सुटला.
मॅनिफोल्ड उचलला.
घळीत उंदराचं घरटं:
सीटचा फोम, पिन्योनची टरफलं,
आणि टरफलांच्या खाली, काळा पडलेला,
दहाचा सॉकेट.

अठ्ठ्याण्णव साल.
बहिणीचा अमादेओ, पंधरा वर्षांचा,
दर शनिवारी बॅटरी धरायला यायचा.
कुणीतरी ऑर्लँडोच्या कानाशी लागलं.
“पोरानं उचलला,” तो म्हणाला. एका सॉकेटसाठी.
पोरगा एकदाच नाही म्हणाला.
दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.
तो पुन्हा आला नाही.

आणि ही?
ही खिडकीत भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती.
सगळं ऐकू येत होतं.
हिचा कान कधीच हलका नव्हता.

ती बराच वेळ बादलीवर बसून राहते.

मग उठते, कारण उघडं इंजिन तसंच टाकून चालत नाही.
छिद्रांत चिंध्या कोंबते, कचरा आत पडू नये म्हणून.
जुनी गॅस्केट प्लॅस्टिकच्या पातीनं खरवडते,
अॅल्युमिनियमला ओरखडा नको.
एके जागी लाल सिलिकॉनचा जाड थर,
त्यात ऑर्लँडोच्या अंगठ्याचा ठसा.
तोही खरवडते.
तापमानाचा सेन्सरही बदलते, हात पोचलाच आहे तर.
(तो भर जुलैत थंडी वाजते म्हणायचा.)
नवा कान बसवताना टॉर्क पाना दोनदा तपासते:
जास्त आवळला तर बहिरा,
ढिला राहिला तर पुन्हा हलका.
मॅनिफोल्डचे शेवटचे चार बोल्ट
पुसलेल्या त्याच सॉकेटनं.

किल्ली फिरवली.
खोकली, एक शिंक,
मग काटा सातशेवर येऊन थांबला. हलेना.

प्युएब्लोला फोन लावला. अमादेओ तिकडे फ्रीज दुरुस्त करतो,
हे तिला बहिणीच्या अंत्यविधीत कळलं होतं.
चार रिंग.
“मी डेल्फिना,” ती म्हणते, आणि पुढचं सुचत नाही.
इंजिन चालूच आहे.

पलीकडे आधी काहीच नाही.
मग, सावकाश:
“आयडल छान आहे, तिया.”

सॉकेटचं अजून सांगायचंय.